गोल्फ आधी कुणाचा, हा प्रश्न अपुरा आहे

१/
‘गोल्फ’ हा शब्द ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून घडला, असा निरोप तुमच्याही भ्रमणध्वनीवर कधी ना कधी येऊन गेला असेल. तो निखालस खोटा आहे. आद्याक्षरे जुळवून शब्द घडवण्याची हौस अलीकडची. ‘गोल्फ’ हा शब्द मात्र पंधराव्या शतकातल्या एका कायद्यात उमटलेला आहे. पुढची कित्येक वर्षे तो गॉफ, गाउफ, गोल्फे अशा नाना रूपांत लिहिला गेला. ज्या शब्दाचे स्पेलिंगच ठरलेले नव्हते, त्याची आद्याक्षरे कुठून आणणार?

२/
पण आजचा धागा या अफवेविषयी नाही. गोल्फच्या इतिहासावर वाद सुरू झाला, की तो हमखास एका प्रश्नावर येऊन अडतो: हा खेळ आधी कुणाचा? स्कॉटलंडचा, नेदरलँड्सचा, की चीनचा? माझे मत असे, की हा प्रश्न निरर्थक नसला तरी अपुरा आहे. त्याच्या नादात त्याच कागदपत्रांतून डोकावणारा अधिक मोलाचा प्रश्न आपल्या हातून निसटतो. तो कोणता, ते ओघात येईलच. आधी तिन्ही दावेदारांचे पुरावे एकेक करून तपासू.

३/
पहिला दावेदार स्कॉटलंड. राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने ६ मार्च १४५७ रोजी फुटबॉल आणि गोल्फ हे दोन्ही खेळ पूर्णपणे बंद करण्याचा आदेश दिला. गोल्फचा स्कॉटलंडमधला हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख. इथे तारखेची एक गंमत ध्यानात ठेवा. त्या काळी स्कॉटलंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारीची पद्धत तिथे १६०० साली आली. म्हणजे त्यांचा मार्च १४५७ हा आपल्या गणनेने मार्च १४५८. म्हणूनच दोन पुस्तकांत दोन वेगळी साले दिसतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

४/
बंदीचे कारण धनुर्विद्या. शेजारी इंग्लंडसारखा शत्रू, आणि त्याचे तिरंदाज नावाजलेले. म्हणून प्रत्येक चर्चपाशी नेमबाजीची लक्ष्ये उभारावीत, प्रत्येकाने तिथे येऊन बाण सोडावेत, असे फर्मान निघाले. जो येणार नाही त्याला दोन पेन्सचा दंड; आणि तो दंड जे येतील त्यांना दारू पिण्यासाठी द्यावा! राज्यकर्त्यांना प्रजेचा स्वभाव चांगला ठाऊक होता, असेच म्हणावे लागते.

५/
तरीही बंदी चालली नाही. १४७१ मध्ये ती पुन्हा घालावी लागली, १४९१ मध्ये तिसऱ्यांदा. इतिहासाच्या अभ्यासात एक साधा नियम उपयोगी पडतो: एकच कायदा वारंवार करावा लागला, तर तो पाळला जात नव्हता असे समजावे. आणखी एक बारकावा आहे. १४२४ च्या कायद्यात फक्त फुटबॉलवर बंदी होती, गोल्फचे नाव नव्हते. या तेहतीस वर्षांत गोल्फ इतका फोफावला असावा, की तो दरबाराच्या डोळ्यांत खुपू लागला. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तर्क म्हणून तो बळकट आहे.

६/
तिसरी बंदी ज्याच्या कारकिर्दीत आली, तो राजा चौथा जेम्स. १५०२ मध्ये इंग्लंडशी ‘चिरंतन शांतते’चा तह झाला आणि त्याच वर्षी राजाच्या खजिन्याच्या हिशेबात एक नोंद पडली: पर्थच्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराला काठ्यांबद्दल चौदा शिलिंग. पुढे १५०४ च्या नोंदीत तर गोल्फचे नावच स्पष्ट येते. ज्या धनुष्यांसाठी हा खेळ बंद करायचा होता, ती घडवणारे हात आता राजासाठी गोल्फच्या काठ्या घडवत होते. लाकडाची पारख, त्याची लवचीकता, पकड या साऱ्यांचे ज्ञान त्यांच्याकडे होतेच.

७/
चिरंतन शांतता अकरा वर्षे टिकली. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणांगणावर इंग्रजांशी लढताना चौथा जेम्स मारला गेला. यावरून ‘गोल्फने राज्य बुडवले’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग निघतात. काढू नका. लढाया हरण्याची कारणे भूगोलात, शस्त्रांत आणि डावपेचांत असतात. राजाच्या छंदात ती शोधणे म्हणजे इतिहासाची नीतिकथा करणे.

८/
दुसरा दावेदार नेदरलँड्स आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तिथे ‘कोल्फ’ नावाचा काठी-चेंडूचा खेळ होता, आणि त्याच्या नोंदी स्कॉटलंडहून जुन्या आहेत. १३६० मध्ये ब्रुसेल्सच्या नगराधिकाऱ्यांनी तो खेळणाऱ्यांवर दंड बसवला. १३८९ मध्ये हार्लेम शहरातल्या लोकांना या खेळासाठी शहराबाहेरचे एक मैदान देण्यात आले, कारण गल्लीबोळांत तो धोक्याचा ठरत होता. १६५९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फोर्ट ऑरेंज या डच वसाहतीत, म्हणजे आजच्या ऑल्बनीत, रस्त्यावर कोल्फ खेळण्यास मनाई झाली. कारण? घरांच्या खिडक्या फुटत होत्या. क्रिकेट खेळताना शेजारच्या काकूंची काच फोडलेल्या कुणालाही हा दस्तऐवज परका वाटणार नाही.

९/
हेंड्रिक आव्हरकांप या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची हिवाळी चित्रे जरूर पाहा. गोठलेल्या कालव्यांवर माणसे काठ्या घेऊन उभी आहेत, चेंडू टोलवत आहेत. कोल्फमध्ये चेंडू बहुधा एखाद्या खांबाला किंवा दाराला नेऊन लावायचा असे. डच पक्षाची आणखी एक कथा वारंवार सांगितली जाते: १२९७ मध्ये लूनन या गावी एका विजयाच्या स्मरणार्थ असा सामना झाला. कथा रंजक आहे. मात्र तिला त्या काळातल्या कागदाचा आधार नाही. आपल्या बाजूची कथा असली, तरी तिला हाच निकष लावायचा असतो.

१०/
मग कोल्फ आणि गोल्फ यांचे नाते काय? शब्दांचे साम्य उघड आहे. व्यापारही होता, स्कॉटलंडची लोकर समुद्रापलीकडच्या त्या बंदरांत जात असे. आणि एक भक्कम कागद आहे. १६१८ मध्ये सहाव्या जेम्सने जेम्स मेलव्हिल याला स्कॉटलंडमध्ये चेंडू बनवण्याचा मक्ता दिला. कारण असे नोंदवले, की चेंडूंच्या खरेदीपायी दरवर्षी बरेच सोने-चांदी देशाबाहेर जाते. चेंडूची कमाल किंमतही ठरवून दिली: चार शिलिंग. म्हणजे स्कॉटिश गोल्फ दीर्घकाळ परदेशी चेंडूंवर चालला होता. अस्सल स्वदेशी खेळ, आणि त्याचा प्राण असलेला चेंडू मात्र आयातीचा!

११/
तिसरा दावेदार चीन. तिथला ‘छुइवान’ हा खेळ काल्पनिक नाही. त्याच्या नियमांचे ‘वान जिंग’ नावाचे पुस्तक १२८२ मधले आहे. मिंग काळातल्या एका चित्रात खुद्द सम्राट शुआनदे तो खेळताना दिसतो: जमिनीत खळगे, त्यांच्याजवळ रोवलेल्या पताका, आणि सेवकांच्या हाती निरनिराळ्या काठ्या. आजच्या गोल्फशी हे साम्य थक्क करणारे आहे. खळग्याच्या बाबतीत तर चिनी पुरावा युरोपातल्या सगळ्या पुराव्यांहून कितीतरी जुना आहे. हे मोकळ्या मनाने मान्य करावे.

१२/
पण साम्य म्हणजे वंश नव्हे. छुइवान मंगोलांबरोबर किंवा व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला, असे म्हणायचे तर वाटेवरचे मुक्काम दाखवायला हवेत: समरकंदात एखादी नोंद, इराणात एखादे चित्र, काळ्या समुद्राकाठी एखादा शब्द. अशी साखळी कुणी दाखवलेली नाही. बुद्धिबळाची साखळी तशी दाखवता येते. भारतातला ‘चतुरंग’, इराणातला ‘चत्रंग’, अरबांचा ‘शतरंज’ हा प्रवास शब्दांतूनच कळतो. छुइवानचा एकही शब्द युरोपात पोहोचलेला दिसत नाही.

१३/
नुसत्या साम्यावर भागणार असेल, तर आपलाही दावा ठोकता येईल. गोट्यांच्या खेळात जमिनीत ‘गल’ खणायची, लांबून गोटी त्यात घालायची, कमी डावांत जो घालील तो जिंकला. विटी-दांडूत काठीने टोला मारायचा, विटी जास्तीत जास्त लांब धाडायची. दोन्हींची बेरीज केली की झाला गोल्फ! आपल्या वाड्याच्या अंगणातच तो जन्मला, असे मी उद्या लिहिले, तर हजारो जण तो निरोप अभिमानाने पुढे धाडतील. म्हणूनच हा मोह ओळखायला शिका. गोल वस्तू, काठी आणि खड्डा ही माणसाच्या बालपणाची सामाईक मिळकत आहे. तिच्यावर कुणा एका राष्ट्राचा सातबारा नाही.

१४/
आता स्कॉटिश पक्षालाही तोच काटा लावू. ‘खळग्यात चेंडू घालणे ही आमची देणगी’ असे ते म्हणतात. पण १४५७ च्या कायद्यात खेळाचे केवळ नाव आहे, वर्णन नाही. गोल्फच्या खळग्याचा निःसंदिग्ध उल्लेख सापडतो तो १६३६ मध्ये, आणि तोही कुठे? अ‍ॅबर्डीनच्या डेव्हिड वेडरबर्न या शिक्षकाने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी लिहिलेल्या ‘व्होकॅब्युला’ या पुस्तकात. मुलांनी भाषेत रस घ्यावा म्हणून मास्तरांनी त्यांच्या आवडीच्या खेळातले शब्द घेतले, आणि नकळत इतिहासाला साक्ष मिळाली. म्हणजे बंदीच्या कायद्यापासून या साक्षीपर्यंत जवळजवळ दोन शतकांचे अंतर आहे. १४५७ चा ‘गोल्फ’ हा आजचाच गोल्फ होता, हे गृहीत धरणे सोपे आहे, सिद्ध करणे कठीण.

१५/
मग निकाल काय? माझ्या मते असा: काठी-चेंडूचे खेळ अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उपजले, उत्तर समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर त्यांची देवाणघेवाण झाली, आणि आज जगभर खेळला जाणारा गोल्फ, म्हणजे लिखित नियम, खळग्यांची ठरावीक मालिका आणि अखंड परंपरा असलेला खेळ, स्कॉटलंडमध्ये घडला. ‘जन्मला’ आणि ‘घडला’ या दोन क्रियापदांतला भेद पाळला, की बहुतेक भांडण मिटते.

१६/
घडण्याचे टप्पे कागदावर आहेत. १७४४ मध्ये लीथच्या ‘जंटलमन गोल्फर्स’नी तेरा नियम लिहून काढले, कारण एडिंबरा शहराने चांदीची काठी बक्षीस ठेवली होती आणि सामन्याला नियम लागतात. पहिला विजेता जॉन रॅट्रे हा शल्यचिकित्सक. दोनच वर्षांनी तो कलोडनच्या लढाईत बंडखोरांच्या बाजूने पकडला गेला. त्याच्यासाठी रदबदली केली ती सरकारपक्षाच्या डंकन फोर्ब्झ या न्यायाधीशाने, जो मैदानावरचा त्याचा सोबती होता. रॅट्रे वाचला.

१७/
आणि अठरा खळगे का? व्हिस्कीच्या बाटलीत अठरा घोट असतात म्हणून, हीही लोणकढी थाप. सेंट अँड्रूजचे मैदान समुद्रकाठी लांबट पट्ट्यासारखे होते. तिथे बारा खळगे असत. जाताना आणि येताना त्यांतले दहा दोनदा खेळले जात, म्हणून फेरी बावीसची होई. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार खळगे फार जवळ वाटले म्हणून त्यांचे दोन केले. तेच जाता-येता दोनदा खेळले जात असल्याने बावीसाचे अठरा झाले. पुढे त्या मैदानाची प्रतिष्ठा वाढली, तसा तिथला आकडा जगाचा झाला. किती तरी ‘सनातन’ परंपरा अशाच एखाद्या गावच्या सोयीतून आलेल्या असतात.

१८/
आता त्या दुसऱ्या, मोलाच्या प्रश्नाकडे वळू. गोल्फ खेळला जाई ती जमीन कुणाची? स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणजे समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची, खुरट्या गवताची पडीक पट्टी. नांगराला निरुपयोगी, म्हणून गावाची सामाईक. आपल्याकडचे गायरान डोळ्यांपुढे आणा. तिथे मेंढ्या चरत, कपडे वाळत, आणि चेंडूही धावत. १५५२ च्या सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला सेंट अँड्रूजच्या लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा मिळाली. पण त्याच कागदात त्याने गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल आणि नेमबाजी यांचा हक्क मान्य केला. धर्मगुरूच्या सशांएवढेच गावाच्या खेळालाही कागदावर स्थान मिळाले.

१९/
हक्क कागदावर असला तरी तो राखावा लागतो. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरसभेने लिंक्स विकून टाकली, आणि लवकरच ती व्यापारासाठी ससे वाढवणाऱ्या डेम्पस्टर कुटुंबाच्या ताब्यात गेली. सशांनी मैदान पोखरले. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे खटले चालले. प्रसंगी हातघाईही झाली. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली तेव्हा खेळ तगला. अखेर १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने लिंक्स पुन्हा नगराची झाली. आजही जगातले हे सर्वांत ख्यातनाम मैदान, मोठ्या स्पर्धा वगळता, रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी ते सार्वजनिक बाग होते. लोक कुत्री घेऊन फिरतात, मुले बागडतात.

२०/
गोल्फ म्हणजे धनिकांचा खेळ, हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. त्याला चेंडूची किंमतही कारण होती. कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरलेला जुना चेंडू बनवणे कष्टाचे काम. कारागीर दिवसाला मोजकेच चेंडू करी, आणि ते पावसात भिजले की उसवत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलाया आणि आसपासच्या जंगलांतल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाल्यावर टणक. चेंडू खराब झाला तर पुन्हा घडवता येई. खरचटलेला चेंडू गुळगुळीत चेंडूपेक्षा सरळ उडतो, हे खेळता खेळता ध्यानात आले. मग मुद्दामच त्यावर खाचा पाडू लागले. खेळ स्वस्त झाला आणि पसरला. मात्र त्या स्वस्ताईचा कच्चा माल वसाहतींच्या जंगलांतून येत होता, हेही विसरू नये.

२१/
स्त्रियांचे काय? १८१० च्या डिसेंबरात मसलबरा इथल्या गोल्फ क्लबने ठराव केला, की नववर्षाच्या दिवशी होणाऱ्या सामन्यात जी कोळीण जिंकेल तिला मासळीची नवी पाटी आणि शाल द्यावी. मासळी विकणाऱ्या या बायका गोल्फ खेळत होत्या, इतक्या सहज की त्यांच्यासाठी बक्षीस ठेवावे. आता दुसरे टोक पाहा. १७४४ चे तेरा नियम लिहिणारी लीथची मंडळी पुढे म्युरफील्डला गेली. त्या क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला २०१७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीचे मतदान अपुरे पडले होते. सुरुवातीचा तो निरोप शब्दाची व्युत्पत्ती म्हणून खोटा आहे. पण तो इतका पसरला, कारण क्लबांनी आपल्या वागण्याने त्याला खरेपणाचा रंग दिला.

२२/
भारतात गोल्फ आला तो कुंपणासह. १८२९ मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना टिकून राहिलेला क्लब. १८४२ मध्ये मुंबईत. कोळिणी आणि मेंढपाळांचे गायरान मागे राहिले. आला तो गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब. देशी माणसाला तिथे प्रवेश होता तो बहुधा खांद्यावर काठ्यांची पिशवी घेऊनच. म्हणून ‘हा साहेबांचा खेळ’ ही आपली समजूत चुकीची नाही. ती अर्धी आहे. आपण खेळाचे उत्तरायुष्य पाहिले, पूर्वायुष्य पाहिले नाही. आणि पिशवी वाहणाऱ्यांतूनच पुढे खेळाडू निघाले: १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा मुळात दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी होता.

२३/
एका माणसाची हकीकत सांगतो, आणि मग मुद्द्यावर येतो. सुसुंकर ‘पापवा’ सेवगोलम हा दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा कॅडी. शास्त्राच्या नेमक्या उलट, डावा हात उजव्याच्या खाली धरून तो खेळे. १९५९ आणि १९६० मध्ये त्याने डच ओपन जिंकली, म्हणजे कोल्फच्याच भूमीवर. १९६३ मध्ये तो डर्बनला नाताल ओपन जिंकला. पण क्लबची इमारत फक्त गोऱ्यांसाठी होती. म्हणून विजेत्याला चषक दिला गेला तो बाहेर, पावसात. त्या छायाचित्राने जगभर संताप उसळला. १९६५ मध्ये त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवले. त्यानंतर लवकरच सरकारने त्याला देशातल्या मोठ्या स्पर्धांतून बाहेर ठेवले.

२४/
म्हणून माझे म्हणणे असे. ‘आधी कुणाचा’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरी त्याने फार तर एखाद्या राष्ट्राची छाती फुगते. ‘कुणाला खेळू दिले, कुणाला नाही, आणि ते कुणी ठरवले’ हा प्रश्न विचारला, की तेच कागद वेगळे बोलू लागतात. बंदीचा कायदा प्रजेची हौस सांगतो, सशांचा खटला सामाईक जमिनीची किंमत सांगतो, मासळीची पाटी एका विसरलेल्या मोकळिकीची साक्ष देते, आणि पावसात दिलेला चषक एका राज्यव्यवस्थेची लाज उघडी करतो.

२५/
यावर एक आक्षेप येईल: खेळाच्या इतिहासात राजकारण कशाला? उत्तर सोपे आहे. ते मी आणलेले नाही. आपल्याला गोल्फचा सर्वांत जुना स्कॉटिश उल्लेख मिळतो, तोच मुळी संसदेच्या कायद्यातून. सामान्य माणूस आनंदाने खेळत असतो तेव्हा त्याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. तो कुणाला तरी अडचणीचा होतो, तेव्हाच दप्तरात येतो. त्यामुळे जुन्या मनाई, दंड आणि तक्रारी वाचताना रागावू नका. त्यांच्या आडून खेळणारी माणसे शोधा.

२६/
जाता जाता, तरुण मित्रांनो, एक गृहपाठ. तुमच्या गावात किंवा शहरात लहानथोर जिथे खेळतात, ते मैदान कागदोपत्री कुणाचे आहे? गायरान, नगरपालिकेची जागा, देवस्थानची जमीन, की कुणाची खासगी मालमत्ता? तलाठी कार्यालयात, जुन्या नकाशांत, आजोबांच्या आठवणींत शोधा. सेंट अँड्रूजच्या गावकऱ्यांजवळ १५५२ चा कागद होता, तरी जमीन परत मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ज्यांच्याजवळ कागदच नसतो, त्यांची मैदाने बोभाटा न होता नाहीशी होतात. जे सापडेल ते या धाग्याखाली लिहा. इतिहासाची सुरुवात तुमच्या मैदानापासूनही होऊ शकते.